रविवारची वाशी–लोणावळा राइड : सदस्यांसाठी सूचना

मंडळी, कर्करोग संशोधनाच्या निधीसाठीची राइड येत्या रविवारी. पहाटे ४.४५ ला वाशी स्टेशनबाहेर जमा, ५ ला निघू. खारघर, पनवेल, खोपोली, शिंग्रोबाचा घाट, लोणावळा. सुमारे ७० किमी. जुन्या हायवेनेच जायचं. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, म्हणून कळंबोलीच्या फाट्यावर ग्रुप सोडू नका.

- हेल्मेट आणि पुढे-मागे दिवे नसतील तर राइडला घेणार नाही.
- दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप स्वतःचा आणा. हायवेवर पंक्चर बऱ्याचदा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारेने होतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी हळूच चाचपा. तार तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही लगेच जाते.
- खोपोलीत बाटल्या भरा, एकीत ओआरएस. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका, जोरात पेडल मारताना बदलला की चेन उतरते. दम लागला तर खुशाल उतरून ढकला.

देणगी थेट टाटा मेमोरियल सेंटरच्या खात्यात भरा. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे त्यांचंच संशोधन केंद्र. रोख रक्कम कोणाकडेही देऊ नका. पावतीसाठी पॅन क्रमांक द्या आणि शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

परतीला सायकली टेम्पोने येतील. आपण लोकलने पुणे गाठायचं नाही, कर्जतमार्गे रेल्वेनेच मुंबई.