मंगळवारी फोन कापला त्याचं

ती. बाबा आणि आई,

नमस्कार. मंगळवारी तुमचा फोन मधातच कापला, तर तुम्ही म्हणे आईला बोलले की पोरगी जर्मनीत गेली अन् मोठी झाली, आता बापाशी बोलायलाही टाईम नाही तिले. गोलूने सांगितलं मला. टाईम होता ना बाबा, तोच तर चुकला, तेच लिहून राहिली.

मागं तुम्ही विचारलं होतं की डोळ्याच्या पेशीत अन् कातडीच्या पेशीत डीएनए एकच, मग डोळा डोळाच कसा होते. माझं काम त्याचंच आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो, आणि तो ठेवायचा कुठं तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून लहान जागेत. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो, एका गोळीवर डीएनएची 147 अक्षरं, मग पुढची गोळी, ह्या सगळ्या गुंडाळ्याला म्हणतात क्रोमॅटिन. जिथं हे घट्ट दाबलेलं तिथले जीन बंद, जिनिंगमधल्या 170 किलोच्या गाठीसारखं, बोटही आत जात नाही. जिथं सैल, तिथं आपल्या मधल्या खोलीतला कापूस, कोणीही हात घालावा. डोळ्यात कुठली जागा मोकळी अन् कातडीत कुठली, ह्याचा नकाशा काढायचा.

जुनी पद्धत चिप-सेक, 2007 पासून चालते. पेशींवर फॉर्मॅल्डिहाईड टाकून सगळं जागच्या जागी चिकटवायचं, मग आवाजाच्या लाटांनी डीएनएचे तुकडे करायचे (ती मशीन लागली की दातात कळ येते) आणि हिस्टोनवर ज्या रासायनिक खुणा असतात त्यातल्या पाहिजे त्या खुणेची अँटिबॉडी (म्हणजे नेमकं त्या खुणेलाच जाऊन चिकटणारं प्रोटीन) लावून तेवढेच तुकडे ओढून घ्यायचे. पण त्याला पेशी लागतात दहा-वीस लाख, आणि माझ्या पेशी उंदराच्या हाडाच्या मज्जेतल्या, दिवसभर मान मोडून बसलं तर लाखभर निघतात. म्हणून मी कट अँड रन करते, अमेरिकेत सिॲटलला स्टीव्हन हेनिकॉफ यांच्या लॅबमधून 2017 मध्ये आलेली पद्धत.

ह्यात डीएनए चिकटवायचाही नाही, फोडायचाही नाही. पेशी चुंबकी मण्यांवर बसवायच्या, आणि त्या मण्यांना जे प्रोटीन लावलेलं असतं ते आपल्या अबईच्या भावकीतल्या एका शेंगेच्या दाण्यातून काढतात! आई, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुंपणावरचा तुझा वेलच आठवला. मग पेशीला बारीक भोकं पाडायची, अँटिबॉडी आत जाऊन खुणेवर बसते अन् तिला मुठीनं धरून बसते कात्री, म्हणजे डीएनए कापणारं प्रोटीन. कात्री आणि तिची मूठ दोन्ही एकाच जंतूकडून उचललेल्या, गळवात सापडतो तो स्टॅफिलोकॉकस. पण ही कात्री कॅल्शियमशिवाय चालत नाही, म्हणजे बाबा तुमच्या खर्ऱ्यातल्या चुन्यात असतं ते. (सुटला का खर्रा? आईच खरं सांगेल.) कॅल्शियम टाकलं की कापणं सुरू, अर्ध्या तासानं ईजीटीए नावाचं रसायन टाकलं की ते सगळं कॅल्शियम धरून बसतं, कात्री बंद. आणि हे कापणं बर्फातच करायचं, काऊन की गरम झालं किंवा वेळ जास्त झाला तर कापलेले तुकडे कात्रीसकट सुटतात अन् मोकळं दिसेल तिथं तोंड घालत फिरतात, दावं तुटलेल्या बकरीसारखे.

तर मंगळवारी अडीच वाजता, तुमचे सात, मी बारा ट्यूबांत कॅल्शियम टाकलं आणि टायमर लावला, मोबाईलवरच, अन् तेवढ्यात तुमचा फोन. खेडा खरेदीवाला दारात उभा, देऊ का नको. आपण भाव काढला, मग मजुरी, मग शेजारच्यांचं धुऱ्याचं भांडण, मग आईचे गुडघे. टायमर वाजला की नाही देव जाणे, फोन कानाला होता, मला काही ऐकू आलं नाही. घड्याळ पाहिलं तर बावन्न मिनिटं झालेली, डब्यातला बर्फ अर्धा पाणी. तेव्हा कापला फोन.

काल रिझल्ट आला. एक ट्यूब कंट्रोलची असते, तिच्यात खुणेची अँटिबॉडी नसते, म्हणून तिथं जवळजवळ काही दिसायला नको. तिच्यातही तुकडेच तुकडे. बकऱ्या पूर्ण वावरात शिरल्या होत्या. पंधरा दिवसाचं काम गेलं. चूक माझीच हो बाबा, तुमची नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त आज सकाळी माझ्या टेबलावर एक चावीचा टायमर ठेवला होता, कोंबडीच्या आकाराचा, लय मोठ्यानं वाजतो.

फोन आता रात्री नऊनंतर करत जा, तेव्हा माझे साडेचार वाजतात. आणि कापूस दिला नसेल तर घाई करू नका, दोन दिवस ऊन दाखवा, बारा टक्क्यांच्या वर ओल असली तर सरकारी खरेदीचे सीसीआयवाले घेत नाहीत. शेजारच्यांच्या धुऱ्याचं पुढं काय झालं ते राहिलंच सांगायचं.

तुमची,
बेबी