बूम स्टँडचा एक प्लास्टिकचा जोड सुटा मिळत नाही, त्याबद्दल तक्रार

सांगली, दि. 14 ऑगस्ट 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील 5 माईक स्टँडचे जोड 27 ऑगस्टच्या आत मिळण्याबाबत

महोदय,

सांगलीच्या गावभागात माझी छोटी साऊंड सर्व्हिस आहे. भजन, बारसं, शाळेचं गॅदरिंग, गणपती मंडळ, जे काम येईल ते करतो. 8 नोव्हेंबर 2024 रोजी तुमच्या कंपनीचे 12 बूम स्टँड (माईक धरायला आडवा दांडा, म्हणजे बूम, असलेले स्टँड) प्रत्येकी 850 रुपयांना घेतले. बिल सोबत आहे. खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी छापलेली आहे.

आज 12 पैकी 7 स्टँडचा बूम टिकत नाही. त्यातले दोन आमच्याच चुकीने गेले. नव्या पोराने नॉब हाताने आवळायचा सोडून पकडीने आवळला. ते दोन मी तक्रारीत धरत नाही. हे पत्र उरलेल्या पाचांचं आहे.

दोष कुठे आहे ते नीट सांगतो, कारण फोनवर कुणी ऐकून घेतलं नाही. उभी नळी आणि आडवा बूम जिथे मिळतात तो जोड प्लास्टिकचा आहे. त्यात षटकोनी खोबण आहे आणि खोबणीत नट बसतो. प्लास्टिक मऊ, त्यामुळे काही महिन्यांत खोबणीचे कोपरे झिजून ती गोल होते आणि नॉब फिरवला की आतला नटही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. बोल्ट चांगला, आटे चांगले, पण पकड नाही. मग 300 ग्रॅमचा माईकसुद्धा बूमच्या टोकाला हळूहळू मान टाकतो.

गेल्या आठवड्यात हरिपूरला श्रावणातलं भजन होतं. बुवा पेटीवर, समोर तुमचा स्टँड. माईक खाली यायला लागला तसे बुवाही त्याच्यामागे वाकत गेले. अभंग संपेपर्यंत त्यांचं कपाळ पेटीच्या पट्ट्यांना टेकायचं तेवढं राहिलं होतं. लोकांना वाटलं, बुवा तल्लीन झाले. मला मात्र भाड्यातले 500 रुपये सोडावे लागले. ज्या सांगलीत 1843 साली मराठी नाटक उभं राहिलं, तिच्या शेजारी साधा माईक उभा राहू नये?

तुमच्या हेल्पलाइनवर तीनदा बोललो. पहिल्यांदा उत्तर मिळालं, “जास्त आवळलं असेल.” आम्ही बूम हलवण्याआधी नॉब सैल करतो, एक पाय नेहमी बूमच्या दिशेला ठेवतो, जोडाला तेलाचा थेंब लावत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहकाचे हक्क नसतात. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये धंद्याचा माल धरली जात नाही, हे त्या साहेबांना कळवावं. तिसऱ्यांदा पार्सल आलं. पाच जोड मागितले होते, आत निघाले पाच पितळी अडॅप्टर, 3/8 इंची आट्याच्या स्टँडवर 5/8 ची माईक-क्लिप बसवायचे. असले माझ्याकडे वाटीभर पडले आहेत.

दरम्यान मी हातावर हात ठेवून बसलो नाही. दोन जोडांत 8 मिमीचा लांब बोल्ट आरपार घातला, मागे मोठा वायसर आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट, मध्ये सायकलच्या ट्यूबची चकती. ते दोन तात्पुरते चालतात, पण बूम फिरवायचा म्हटलं की पाना काढावा लागतो. कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याने ॲल्युमिनियमचा जोड करून द्यायचे 220 रुपये सांगितले. 850 च्या स्टँडला ते परवडत नाही. तीन पायांच्या जोडाला तर तुम्ही रिव्हेट मारला आहे, तो फोडल्याशिवाय उघडत नाही. तिथे नट-बोल्ट द्यायला असा किती खर्च आला असता?

वडिलांच्या वेळचे ओतीव बुडाचे दोन स्टँड माझ्याकडे आहेत. 2019 च्या पुरात गाळात गेले होते, रॉकेलने धुतले आणि पुन्हा कामाला लागले. तसले मागत नाही, ते उचलताना कंबर जाते. हलका आणि स्वस्तच हवा, पण त्याचा जोड सुटा विकत मिळायला हवा.

गणपती 27 ऑगस्टला बसतात. त्याआधी, 25 तारखेपर्यंत, पाच जोड नॉबसकट पाठवावेत आणि नॉब, जोड, पायाचे रबरी बूट यांची किंमत लेखी कळवावी. लागतील तसे मी पैसे देऊन मागवीन. जोड बनवतच नसाल तर पाच स्टँडचे 4,250 रुपये परत करावेत. दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

नमुन्यासाठी एक झिजलेला जोड सोबत पाठवत आहे. त्यातला नट काढून घेतला आहे, तो चांगला आहे.

आपला ग्राहक,
साऊंड सर्व्हिस चालक, गावभाग, सांगली