वाढदिवस 30 तारखेलाच करा

नवीन किल्लारी

चि. शुभांगीस अण्णांचा आशीर्वाद.

परवा फोनवर "ठेवते" म्हणालीस आणि ठेवलासच. मी एवढंच म्हणालो होतो, की परीचा पहिला वाढदिवस 30 सप्टेंबरला, भूकंपाच्या तारखेला नको, पुढच्या रविवारी करा. "ती त्या दिवशी जन्मली हा तिचा गुन्हा का, अण्णा?" म्हणालीस. नाही गं पोरी. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडं भूकंपात गेलेल्यांचे वर्षात दोनदा दिवस घालतात हे तू लहानपणापासून बघतेस. तारखेला स्मृतिस्तंभापाशी पुष्पचक्र, पोलिसांची मानवंदना, पुढाऱ्यांची गर्दी. तिथीला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, घरात अक्का, बापू आणि दिगूच्या नावानं पान. तारखेला 7,928 माणसं असतात, हा सरकारी आकडा. तिथीला आपली तीनच. मी तारखेलाही जातो, नाही असं नाही, पण जीव तिथीत अडकलेला. 2012 साली दोन्ही एकत्र आले. 29 च्या रात्री ढोल सुरू झाले तसा मी उठून अंगणात जाऊन बसलो. तू मागोमाग आलीस, काही न विचारता शेजारी बसलीस. पोरगी शहाणी झाली, असं त्या रात्री मनात आलं. तुला कधी बोललो नाही.

1993 लाही विसर्जन असंच लांबलं होतं. दिगू नाचून दमला आणि आत अक्काजवळ जाऊन पडला. मी बाहेर बाजेवर. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. लोक म्हणतात भूकंपानं माणसं मेली. मी म्हणतो, माळवदानं मारली. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, फळ्या आणि मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर आणखी माती टाकायची. टोपली घेऊन शिडीवर चढायला दिगू सगळ्यात पुढं असायचा. कुडाच्या झोपडीतली माणसं वाचली, वाड्यातली गेली.

म्हणून विचारतो, तुमच्या पलंगावरच्या माळ्यातल्या बॅगा उतरवल्यास का? अकराव्या मजल्याचं मी काही म्हणत नाही. बिल्डिंग आरसीसीची आहे, जावईबापूंनी मला नकाशासुद्धा दाखवला. पण इमारत उभी राहिली तरी आतलं सामान कुणाची वाट बघत नाही. जड वस्तू खाली ठेवावी, कपाट भिंतीला पक्कं करावं, उशाशी चपला आणि बॅटरी असावी, आणि... झालं, लागलो बघ पुन्हा. राग मानू नकोस.

तू पत्र्याच्या शेडात जन्मलीस. पाऊस आला की आतलं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि तू मात्र गाढ झोपायचीस. तुझी आई घाबरायची. मी म्हणायचो, पत्रा हलका असतो, झोपू दे. पक्कं घर मिळालं तरी कितीतरी लोक रात्री शेडातच झोपायला जायचे. मी पण. तू तिथं कंदिलापुढं पाढे म्हणायचीस, आणि आता पुण्यात स्वतःच्या नावावर घर घेतलंस. गावात सांगताना माझा आवाज चढतो असं तुझी आई म्हणते. चढू दे.

बॅगा उतरवल्या नसतील तर निदान परीचा पाळणा तरी त्या माळ्याखाली ठेवू नकोस.

आणि वाढदिवस 30 लाच करा, मी रविवारचं बोललो ते सोड. सकाळचा कार्यक्रम उरकून उमरग्याहून एसटी धरतो, अंधार पडायला पोचेन. केक तेवढा थांबवा. आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन माझ्याबरोबर येणार आहे, बोलत नसली तरी. कपाटासाठी अँगल आणि स्क्रू मी इथूनच आणतो. ड्रिल मशीन तेवढी शेजाऱ्यांकडून मागून ठेव.

तुझे अण्णा