कोसहून ऱ्होड्सला, वारा पाठीशी घेऊन

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

ग्रीसच्या डोडेकनीज बेटांमधून यॉट भाड्याने घेऊन आठवडाभर फिरण्याचा बेत मी फोनवर सांगितला, तेव्हा आईने गुडघ्यांचे आणि बाबांनी बोट लागण्याचे कारण पुढे केले. दोन्ही कारणे खरी आहेत, आणि त्यांच्याकडे कानाडोळा करून बेत आखावा असे मला मुळीच वाटत नाही. उलट तीच दोन कारणे समोर ठेवून बेटे कोणती, महिना कोणता, नौका कोणती आणि रोज किती अंतर कापायचे, हे सगळे मी पुन्हा पहिल्यापासून ठरवले आहे. फोनवर ते धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बेटे पाहायची तर नौकाच कशाला, हॉटेले आहेत की, असे बाबा म्हणाले होते. मी तोही हिशेब मांडून पाहिला. चार-पाच बेटे हॉटेलच्या मार्गाने करायची म्हटले, की दर दुसऱ्या दिवशी सामान बांधा, फेरीबोटीच्या वेळा सांभाळा, धक्क्यावर उन्हात उभे राहा आणि पुन्हा नव्या खोलीत औषधांचा डबा उघडा, हे आलेच. यॉटवर अंथरूण तेच राहते, स्नानगृह तेच राहते, आईची उशी जिथल्या तिथे असते, आणि बदलते ते फक्त खिडकीबाहेरचे बंदर. एखाद्या ठिकाणची चढण नकोशी वाटली, तर आईने डेकवर सावलीत बसून किनारा पाहावा आणि आम्ही दोघांनी वर जाऊन यावे. हॉटेलच्या खोलीत मागे राहणे आणि भर बंदरात, माणसांची ये-जा पाहत मागे राहणे, यांत मला फार फरक वाटतो.

आता वाऱ्याविषयी, कारण सगळ्या बेताचा कणा तोच आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, पाणी निळेशार दिसते, आणि तरीही वाऱ्याचा जोर बोफर्ट मापावर (वाऱ्याचा जोर मोजण्याचे 0 ते 12 अंकांचे माप) 5 ते 7 पर्यंत सहज जातो आणि दिवसेंदिवस उतरत नाही. सिक्लेड्स बेटांना, म्हणजे मायकोनोस, पारोस, नाक्सोस या भागाला, त्याचा मोठा मार बसतो. म्हणून ती बेटे प्रसिद्ध असूनही मी बाजूला ठेवली. डोडेकनीजमध्येही मेल्तेमी असतोच, पण तेथे तो बहुधा वायव्येकडून येतो आणि सप्टेंबर उतरू लागला की त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे मी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरला आहे. पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, तापमान 24-25 अंशांच्या आसपास राहते, दिवसाचे ऊन सोसवते, आणि सूर्य सातच्या सुमारास मावळत असल्याने संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला उजेड मिळतो.

वारा वायव्येचा, तर आपण आग्नेयेकडे जावे, हे ओघानेच आले. कोसला नौकेवर चढायचे, निसिरोस, तिलोस आणि सिमी या बेटांवर थांबत ऱ्होड्सला उतरायचे, आणि परतीचा प्रवास नौकेने करायचाच नाही. वारा पाठीशी असला की नौका लाटेबरोबर सरकत जाते. तोच वारा तोंडावर घेतला की प्रत्येक लाट नौकेच्या नाकावर आपटते आणि अंगातले हाड न् हाड हलते. बाबा, तुम्हाला बोट लागण्याची जी भीती आहे, ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाची आहे. एकेरी प्रवासासाठी कंपन्या नौका परत नेण्याचा वेगळा आकार लावतात, आणि पैसे वाचवायला म्हणून तेवढी एक गोष्ट मी सोडणार नाही. प्रत्येक टप्पा साधारण 15 ते 25 सागरी मैलांचा आहे, म्हणजे सहा नॉटच्या (ताशी सहा सागरी मैलांच्या) वेगाने साधारण अडीच ते चार तासांचा. न्याहारी करून निघायचे आणि दुपारी वारा चढण्याच्या सुमारास नांगर टाकून मोकळे व्हायचे. आठवड्यात असे लांबचे टप्पे चारच आहेत, म्हणजे उरलेले दिवस जवळजवळ पूर्ण मुक्कामाचे.

नौका म्हणून मी कॅटमरान निवडली आहे. एका सांगाड्याची (म्हणजे पाण्यात बसणारे एकच धड असलेली) शिडाची नौका वाऱ्यात एका बाजूला कलते, आणि कलत्या जमिनीवर चालणे आईच्या गुडघ्यांना जमणार नाही. कॅटमरानला दोन सांगाडे असल्यामुळे ती जवळजवळ सपाट राहते. बसण्याची खोली आणि मागचा उघडा डेक एकाच पातळीवर असतो, आणि केबिनमध्ये उतरायला चार-पाचच पायऱ्या लागतात. तिचाही एक दोष आहे, तो लपवत नाही: लाट आडवी आली की दोन्ही सांगाडे वेगवेगळे उचलले जातात आणि हालचाल थोडी धसमुसळी वाटते. आपल्या दिशेमुळे असे प्रसंग कमी येतील.

नौका चालवायला पगारी स्किपर घेणार आहे. ग्रीसमध्ये नौका स्वतः चालवायला घ्यायची असेल तर परवाना असलेला एक आणि त्याच्या मदतीला अनुभवी असा दुसरा माणूस लागतो. मला परवाना नाही, आणि असता तरी तुम्ही दोघे बरोबर असताना माझे लक्ष सुकाणूवर असावे असे मला वाटले नसते. परका माणूस घरात राहिल्यासारखे होईल, ही आईची शंका मी समजू शकते. त्याची केबिन वेगळी असते, आणि एकदा नांगर पडला की बहुतेक स्किपर आपल्या कामाला लागतात. शिवाय प्रत्येक बंदरातली वाऱ्यापासून आडोशाची जागा त्याला जितकी ठाऊक असते तितकी कोणत्याही नकाशात नसते.

आईच्या दृष्टीने खरा प्रश्न प्रवासाचा नाही, धक्क्यावर उतरण्याचा आहे. या भागात नौका धक्क्याला कुशीने लावत नाहीत. दूर पाण्यात पुढचा नांगर सोडतात, त्याची साखळी खडखडत खाली जाते, मग नौका मागे मागे घेत तिची पाठ धक्क्याकडे आणतात, आणि दोन दोर बांधून मध्ये एक अरुंद फळी टाकतात. मी मैत्रिणींबरोबर याच पाण्यात फिरले तेव्हा तरुण माणसेसुद्धा त्या फळीवर पहिले पाऊल टाकताना थबकायची, कारण खाली पाणी दिसते आणि फळी किंचित हलते. म्हणून चौकशीच्या पत्रात मी रुंद आणि दोरीचा कठडा असलेल्या फळीची अट पहिली लिहिली आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नाममात्र असल्यामुळे फळीचा चढ सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असे होत नाही, हा मोठा दिलासा आहे. सकाळी पाणी अगदी शांत असताना उतरायचे, पुढे स्किपर, मागे मी, आणि घाई कोणी करायची नाही.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग. कोसला प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसचा जन्म इसवी सनापूर्वी 460 च्या सुमारास झाला, असे मानतात. गावापासून चारेक किलोमीटरवर आस्क्लिपियोन आहे, देवाचे स्थान आणि रुग्णांचे आरोग्यधाम असे दोन्ही. डोंगराच्या उतारावर ते टप्प्याटप्प्याने चढत जाते. खालच्या टप्प्यापर्यंत टॅक्सी जवळ जाते, आणि तेवढे पाहूनही जागेचा आवाका कळतो. गावातल्या चौकात जो चिनाराच्या जातीचा वृक्ष हिपोक्रेटीसचा म्हणून दाखवतात तो काही तेवढा जुना नाही, पण त्याच्या पोकळ खोडाला दिलेले टेकू पाहण्यासारखे आहेत. 1933 च्या भूकंपात कोस गाव कोसळले आणि त्यानंतरच्या उत्खननात त्याच्या पोटातून प्राचीन बाजारपेठ बाहेर आली. आज ती गावाच्या मधोमध उघडी आहे आणि तिथे सपाटीवर फिरता येते.

निसिरोस हे बेट म्हणजेच एक ज्वालामुखी आहे. स्तेफानोस नावाच्या विवराच्या काठापर्यंत वाहन जाते, आणि गंधकाचा वास त्याच्या आधीच येतो. काठावरून तळातली पिवळी तोंडे आणि त्यांतून निघणारी वाफ स्पष्ट दिसते. आत उतरण्याचा आग्रह मी कोणालाही करणार नाही. तिलोसला पाहण्यासारखे थोडे आणि विसाव्यासारखे पुष्कळ आहे. तिथल्या खार्काडिओ गुहेत बुटक्या हत्तींची हाडे सापडली होती, एवढे बाबांसाठी नोंदवून ठेवते.

सिमीवर मात्र मी दोन रात्री धरल्या आहेत. बंदरात शिरताना तिन्ही बाजूंनी डोंगरउतारावर पिवळसर, गेरूच्या आणि फिक्या निळ्या रंगाची घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात, प्रत्येकाला त्रिकोणी माथा असलेली. ही श्रीमंती समुद्रतळाचे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांची आणि गलबते बांधणाऱ्यांची. अँटिकिथिरा बेटाजवळ बुडालेले प्राचीन जहाज 1900 मध्ये ज्यांना सापडले ते सिमीचेच स्पंज काढणारे होते. त्याच जहाजातून ते दंतचक्रांचे खगोलयंत्र वर आले, जे आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. डोडेकनीजमधल्या जर्मन फौजेने शरणागतीवर सही केली तीही सिमीवर, 8 मे 1945 रोजी. वरच्या गावाकडे जाणारी काली स्त्राता ही पायऱ्यांची वाट सुमारे पाचशे पायऱ्यांची आहे. आईने तिच्याकडे खालूनच पाहावे, कारण वर बसही जाते. दिवसा ऱ्होड्सहून येणाऱ्या सहलीच्या बोटींमुळे गर्दी असते, दुपारनंतर त्या परत गेल्या की बंदर स्वतःचे होते. दुसरी रात्र बेटाच्या दक्षिणेकडच्या पानोर्मितिसच्या खाडीत काढू. ती जवळपास चारी बाजूंनी बंद आहे, काठावर मुख्य देवदूत मायकेलचा मठ आहे, आणि झोप लागायला याहून चांगली जागा या मार्गावर नाही.

ऱ्होड्ससाठी शेवटचे दोन दिवस आहेत. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या योद्ध्यांनी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट घेतले, 1480 चा वेढा परतवला, आणि 1522 मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सुलतान सुलेमानाच्या वेढ्याला सहा महिने तोंड देऊन 1 जानेवारी 1523 रोजी ते बेट सोडून गेले. तटबंदी, सरदारांचा रस्ता, त्यावरची भाषेनुसार विभागलेली त्यांची निवासे, हे सगळे अजून उभे आहे. 1988 पासून जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे. सरदारांच्या सर्वाधिपतीचा राजवाडा मात्र मूळचा समजू नका: 1856 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात तो उद्ध्वस्त झाला आणि इटालियन राजवटीत पुन्हा बांधला गेला. मला त्याहून सरदारांचे रुग्णालय आवडते. तिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या लांबलचक दालनात उभे राहिले की रुग्णांच्या खाटांची रांग डोळ्यांसमोर येते. रस्ते गोट्यांचे आहेत, म्हणून दोघांनीही जाड तळव्याचे बूट आधीपासून पायात रुळवून घ्यावेत.

कोसवरून समोर तुर्कस्तानचे बोद्रुम दिसेल, आणि तिथल्या किल्ल्यात हालिकर्नाससच्या समाधीचे (प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांपैकी एक) दगड आहेत हे बाबांना माहीत असल्यामुळे ते तिकडे जाऊ म्हणतील. या वेळी नको. तिकडे जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे ग्रीससह ज्या युरोपीय देशांत एकच व्हिसा चालतो त्यांच्याबाहेर, पडणे. दोन्हीकडे कागदपत्रे, अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि अर्धा दिवस कचेऱ्यांत.

औषधांबाबत एवढेच, की बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना चालतीलच असे नाही, म्हणून बाबांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गोळी घ्यायची झाल्यास निघण्याच्या आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांनी लघवी जास्त होत असेल तर उन्हात पाणी किती प्यावे हेही विचारावे. नौकेवर बसायचे ते बाहेर, क्षितिजाकडे तोंड करून. खाली केबिनमध्ये वाचत बसले की धडधाकट माणसालाही उमळते.

खर्चाचा भार मी उचलणार आहे, त्यावर वाद नको. करारात नौकेचे भाडे, स्किपरचे मानधन व जेवण, इंधन, बंदराचे शुल्क, नौकेच्या लांबीनुसार लागणारा ग्रीक क्रूझिंग कर आणि परत मिळणारी अनामत वेगवेगळी दाखवायला मी सांगितले आहे, आणि नोंदणीचे पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी मी दोनदा वाचणार आहे. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. तुमच्या वयाला आणि जुन्या आजारांना लागू होणारा विमा मी शोधते आहे, कारण नुसता स्वस्त विमा अशा वेळी कामाचा नसतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करावा लागतो. आपण लवकरच करू.

तेव्हा आता माझ्या तीन विनंत्या. दोघांच्याही पासपोर्टवरच्या तारखा कळवा, कारण परतीनंतर किमान तीन महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. बाबांनी डॉक्टरांची भेट या महिन्यात उरकावी. आणि आई, तुला पुढच्या बाजूची केबिन हवी की मागची, ते सांग: पुढे वारा जास्त येतो, मागे हालचाल कमी जाणवते आणि डेकवर यायला जवळ पडते. मी मागची धरून ठेवली आहे, पण तुझ्या उत्तराशिवाय पक्की करणार नाही.

तुमची लेक