ताशी किती, त्याआधी स्थानक कुठे?

महोदय,

मोठी शहरे जोडणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'ताशी किती?' आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. प्रवाशाच्या दृष्टीने हा आकडा दुय्यम आहे. ५०० किलोमीटर अंतर एकसारख्या ३०० च्या वेगाने कापायला १०० मिनिटे लागतात, ३५० ने सुमारे ८६. वाचली १४ मिनिटे. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो ३६ टक्क्यांनी चढतो. विजेचा खर्च, आवाज, गाडीला वीज देणाऱ्या वरच्या तारेची झीज हे सगळे त्याच्या मागोमाग येते.

आता थांबे पाहा. ३०० च्या वेगातली गाडी बेताने थांबवायची, तर ब्रेक साधारण सात किलोमीटर आधी लावावा लागतो. पुन्हा तो वेग गाठायला जवळपास दुप्पट अंतर जाते. फलाटावरची दोन मिनिटे धरून एका थांब्यामागे सहा मिनिटे गेली. आग्रहाखातर दोन स्थानके वाढवली की त्या १४ मिनिटांतली १२ संपली! लहान गावांना गाडी मिळूच नये, असे मुळीच नाही. जपानच्या तोकाइदो मार्गावर कित्येक मधल्या स्थानकांत मधले दोन मार्ग न थांबणाऱ्या गाड्यांना मोकळे असतात आणि फलाट बाजूच्या रुळांवर असतात. थांबत जाणारी 'कोदामा' बाजूला उभी राहते, 'नोझोमी' पुढे निघून जाते. पण या जादा रुळांची जागा पहिल्याच आराखड्यात धरावी लागते. वाहतूक सुरू झालेल्या उन्नत मार्गावर नंतर सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) बसवणे महाकठीण.

सगळ्यात महाग चूक म्हणजे शहराबाहेरचे स्थानक. जमीन स्वस्त मिळते म्हणून ते १५ किलोमीटर लांब नेले, तर ताशी ३० ने सरकणाऱ्या रहदारीत प्रवाशाचा अर्धा तास जातो, तोही एकाच टोकाला. फ्रान्समध्ये आमियाँ आणि सँ-काँताँ यांच्या अधेमधे बीटाच्या शेतांत एक स्थानक बांधले गेले. लोकांनी त्याला 'बीटाचे स्थानक' म्हणायला सुरुवात केली. त्याच फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस-लियाँ मार्ग सुरू करताना मात्र उत्तम निर्णय घेतला होता: मोकळ्या मुलखात नवा मार्ग आणि शहरात शिरताना जुनेच रूळ, जुनीच स्थानके. नव्या-जुन्या मार्गांची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, सारखी असल्याने ते जमले. रुंदी वेगळी असेल तर ही वाट बंद होते किंवा स्पेनसारखी दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर बदलणारी यंत्रणा बसवावी लागते.

मात्र नवा मार्ग जुन्याला मिळतो ती जागा धोक्याची. २०१३ मध्ये स्पेनमधील सांतियागोजवळ ८० ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी १७९ ने शिरली आणि सुमारे ८० जण दगावले. चालकाचे लक्ष विचलित झाले होते, पण त्या वळणाआधी वेग आपोआप खाली आणणारी यंत्रणाही नव्हती. ती शेवटच्या फलाटापर्यंत हवी, नव्या मार्गाच्या हद्दीपर्यंत नव्हे.

पैसा वाचवायचाच असेल तर गाड्यांत वाचवावा, वळणांत नको. वेग दुप्पट करायचा तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. १९६४ च्या तोकाइदो मार्गावर ती किमान २,५०० मीटर धरली होती. सुरुवातीचा वेग होता २१०. आज डबे किंचित कलते करून तिथे २८५ पर्यंत मजल जाते, तर ४,००० मीटरच्या वळणांचा पुढचा सान्यो मार्ग ३०० देतो. गाड्या काही दशकांनी बदलतातच, वळण मात्र बांधले तसेच राहते.

म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात कमाल वेगाशेजारी घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण वेळ, थांब्यांसकट, छापणे बंधनकारक करावे. जमीन संपादनाची पहिली नोटीस निघण्यापूर्वी तो लोकांसमोर यावा.

आपला नम्र,
एक रेल्वे अभियंता