घुंगरांचं आधीच सांगायला हवं होतं

एक्झेटर, इंग्लंड,
रविवार, ५ जुलै २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पण बाबा, तरीही तुम्ही वाचू नका. आई वाचेल. आई, खिडकीपाशी बसून वाच आणि मधेच "हे काय लिहिलंय बाई" म्हणून थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल. पत्र आत्याच्या जावयाबरोबर पाठवतेय. त्याला पोहे-चहा द्या, पत्रातलं काही विचारू नका. त्यालाही ठाऊक नाही.

फोनवर सांगता आलं असतं. तीन रविवार ठरवून फोन लावला आणि तिन्ही वेळा सिलिंडर, दूधवाला आणि पाऊस एवढंच बोलून ठेवला.

मी ऑगस्टमध्ये येत नाहीये. गणपतीला येते. यंदा अधिक महिना आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, मी ११ तारखेला मुंबईत उतरतेय, तिकीट काढून झालंय. म्हणजे बाबांच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन.

आता माझं ऐका. उजव्या डोळ्याच्या वेळी मी होते तेव्हा काय झालं? बाबा आत गेले, मी आणि आईने खालच्या कँटीनमध्ये चहा मागवला, तो यायच्या आत नर्स बोलवायला आली. डाव्या डोळ्याची तारीख महिनाभर पुढे नेली तर चालेल का, हेही मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले चालेल. बाबाच म्हणाले, "नको, उगाच लांबण." बरोबर ना, बाबा? मग मी दोन्ही बाजूंनी विचार केला. रजा एकदाच मिळते, फार तर तीन आठवडे. ऑगस्टात आले तर गौरींना नसते. गौरींचं सगळं आईने एकटीने ओढायचं आणि ऑपरेशनला माणसं असताना मीही येऊन गर्दी करायची, यापेक्षा हे बरं. दादा येतो म्हणालाय. दादाचं तुम्हाला माहीतच आहे, म्हणून आत्यालाही सांगून ठेवलंय.

हे सगळं खरं आहे, पण हे कारण नाही. कारण सांगते. मी नाचतेय.

इथून सिडमथ म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, नाशिकहून त्र्यंबक आहे साधारण तेवढ्याच अंतरावर. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे आठवडाभर लोकनृत्य-लोकसंगीताचा उत्सव भरतो. १९५५ साली सुरू झाला. म्हणजे बाबा, तुमच्याच वयाचा, आणि तुमच्यासारखाच गुडघे दुखतात हे कबूल न करणारा. सुरुवातीला निव्वळ नाचाचाच होता, बाकीची गाणी-बिणी नंतर आली. लाल मातीचे उभे कडे, खाली गोट्यांचा किनारा, आणि किनाऱ्याला लागून लांबच लांब रस्ता. त्या रस्त्यावर, बागांमध्ये, चौकाचौकात वेगवेगळ्या गावांची पथकं नाचत असतात. इथे पथकाला 'साइड' म्हणतात. आमच्या साइडमध्ये मी दोन वर्षं आहे.

दोन वर्षं. हो. सांगितलं नाही.

नाचाचं नाव मॉरिस. सहा जण, तीन-तीनच्या दोन रांगा, समोरासमोर. पांढरे कपडे, दोन्ही हातांत मोठाले पांढरे रुमाल. काही नाचांत रुमालांच्या जागी काठ्या, त्या एकमेकांवर टिपऱ्यांसारख्या वाजवायच्या, पण टिपऱ्या म्हणजे अगदीच नाजूक, ह्या काठ्या बोटावर बसल्या तर नख जातं. (गेलं नाहीये. काळं पडलं होतं, आता नवं आलंय.) आणि गुडघ्याखाली चामड्याच्या पट्टीवर घुंगरू.

आई, इथे थांबली असशील. "घुंगरू बांधून रस्त्यावर?" हेच म्हणालीस ना? काकूंना काय सांगायचं, हेही मनात आलं असेल. काकूंना काहीच सांगू नकोस. आणि कळलंच तर सांग, की तिथल्या सत्तरीच्या निवृत्त बँक मॅनेजरीणबाईही बांधतात. आमच्यातल्या एक आहेतच. पबसमोर नाचतो हेही खरं आहे. समोर म्हणजे बाहेरच्या अंगणात. आत मी लिंबू सरबत पिते.

बाबांना आवडेल म्हणून एक सांगते. या नाचाची सर्वांत जुनी नोंद १४४८ सालची, आणि ती कसली, तर खर्चाची. लंडनच्या सोनारांच्या मंडळाने मॉरिस नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिले, एवढीच. वाचल्यावर मला तुमच्या गॅदरिंगच्या हिशेबाच्या वह्या डोळ्यांसमोर आल्या. "लेझीम दुरुस्ती, साखळ्या, रु. ४०." पाचशे वर्षांनी कुणी त्या उघडल्या तर शाळेत लेझीम होतं हे तेवढ्यावरूनच कळेल. आणखी एक. १८९९ च्या नाताळात इतका गारठा होता की बांधकामं बंद पडली, म्हणून ऑक्सफर्डजवळचे काही कामगार चार पैसे मिळावेत म्हणून हंगाम नसताना नाचायला बाहेर पडले. सेसिल शार्प नावाच्या संगीतशिक्षकाने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटीच) वाजवणाऱ्या गवंड्याला, विल्यम किंबरला, बोलावून चाली लिहून घेतल्या. तो गारठा पडला नसता तर काय झालं असतं, देव जाणे. पुढे १९०५ मध्ये त्याच किंबरने लंडनला जाऊन शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींना हा नाच शिकवला. तरी नंतर कितीतरी वर्षं तो बाप्यांचाच समजला जायचा. बायकांच्या पथकांनी १९७५ साली आपली वेगळी संघटना काढली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

बाबा, हे टोचून लिहीत नाहीये. खरंच नाही. आठवीतल्या त्या गणपतीचं मी कधीच मनात धरलं नाही. तुम्ही मला लेझीम पथकातून काढलंत ते तुमच्या मनाने नाही, घरात तेव्हा जे चाललं होतं त्यात तुम्ही तरी काय करणार होतात! उलट मला आठवतं ते वेगळंच. मिरवणूक वाकडी बारवेकडून मेन रोडला आली तेव्हा मी आत्याच्या गॅलरीत उभी होते. तुम्ही पोरांच्या पुढे, तोंडात शिट्टी, उलटे चालत. गॅलरीखाली आलात आणि वर न बघता शिट्टी वाजवून 'आठ आवाज' चालू केलेत. माझ्या आवडीचा तोच होता. मी गॅलरीत रिकाम्या हाताने केला, सगळाच्या सगळा. तुम्ही मुद्दाम केलंत की योगायोग, हे विचारायचं राहूनच गेलंय.

हॉलमध्ये पहिल्या दिवशी गेले तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पहिल्यांदा आलेल्याला पाय आणि हात एकदम जमत नाहीत. मला जमले. त्या म्हणाल्या, आधी कुठे शिकलात? मी म्हटलं, वडिलांकडे.

त्या हिवाळ्याचंही आता सांगूनच टाकते. कोर्टाचे कागद आले ते वर्ष. फोनवर मी "मजेत आहे" म्हणायचे ते खरं नव्हतं. साडेचारला अंधार पडायचा, खोलीत येऊन मी कोट न काढता बसून राहायचे. हॉल हॉस्पिटलच्या वाटेवर होता, आतून पेटीसारखा आवाज यायचा, एका मंगळवारी दार ढकललं. बस, एवढंच. आता रडू नकोस आई, ते झालं गेलं. तेव्हापासून मंगळवारी मी वेळेवर जेवते, कारण रिकाम्या पोटी उड्या मारता येत नाहीत. पूर्ण हिवाळा आत सराव करायचा आणि १ मे ला पहाटे, सूर्य उगवताना, बाहेर पडून पहिला नाच करायचा, अशी इथली रीत. १ मे ला तुम्ही झेंडावंदनाला आम्हाला पहाटे उठवायचात, मी किती कुरकुर करायचे! इथे गजर न लावता जाग येते.

आमच्यात नाचणारे सातच. त्यातल्या एकाच्या पायाचं हाड मोडलंय, राहिले सहा, आणि रांगा तीन-तीनच्याच लागतात. मी नसले तर पाच जण काठावर उभे राहून टाळ्या वाजवणार. ते काही म्हणाले नसते. तेच जास्त वाईट.

आई, तू शोधत होतीस ना ते बाबांचे मोठे पांढरे रुमाल, कोपऱ्यात तू निळ्या दोऱ्याने 'ग' काढलेले? दोन माझ्याकडे आहेत. चोरलेत. इथले रुमाल पातळ, हवेत नुसते लोंबतात. तुझ्यासारखी भाताच्या पेजेची खळ देऊन इस्त्री केली की हात वर जाताच फटकन उघडतात. गेल्या वर्षी सिडमथला वाऱ्याने एक बोटातून सुटला, कठड्यावरून खाली गोट्यांवर पडला आणि लाट आली. मी नाच सोडून बघतच राहिले, मागच्याने ढकललं तेव्हा पाय हलले. एका लहान मुलाने तो काढून आणून दिला, ओलाचिंब, वाळकं शेवाळ लागलेला. 'ग' तसाच होता. आता बोटाला दोऱ्याने बांधून घेते.

शेवटच्या रात्री समुद्राकाठच्या रस्त्याने मशालींची मिरवणूक निघते. ती बघताना मला पेठचा बोहाडा आठवला. संबळ वाजत होता, मुखवटा घातलेला तो देव डोलत अगदी जवळ आला आणि मी बाबांच्या मानेत तोंड खुपसलं. सदऱ्याला घामाचा आणि तपकिरीचा वास होता. मुखवट्याच्या आत माणूस आहे, आपल्यासारखाच, असं तुम्ही कानात सांगत होतात, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

माझी काळजी करू नका. तंबूत राहणार नाही, रोज बसने जाऊन येणार. (रेल्वे होती, ती १९६७ सालीच बंद केली.) पाण्यात उतरणार नाही. मेतकूट अजून आहे, भाजणी संपली. पाऊस आला तर नाच थांबत नाही, पण कोरडे मोजे जवळ ठेवते.

आता तुमचं. डब्याच्या ताईंशी बोललेय, ३ ऑगस्टपासून पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा येईल, बाबांचा भात कमी. आई, "दोघांसाठी कशाला डबा" म्हणून तो बंद करायचा नाही. पैसे दिलेत, परत मिळणार नाहीत. (मिळतील, पण मागायचे नाहीत.) थेंबांच्या बाटल्यांना रंगीत चिकटपट्ट्या लाव: लाल सकाळची, पिवळी दिवसातून चारदा. बाबा, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, वाकून चपला शोधायच्या नाहीत, रात्री प्लास्टिकची वाटी डोळ्यावर लावूनच झोपायचं. पूर आला तरी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलंय ते बघायला गंगेवर जायचं नाही. शेजारचे काका फोटो पाठवतील, तेवढं पुरे. आणि गुडघ्याचा व्यायाम ऑपरेशननंतर लगेच नको, डॉक्टर हो म्हणाले की मग रोज दहा वेळा, खुर्चीत बसून पाय सरळ, पाचपर्यंत मोजायचं. माझं कामच गुडघ्यांचं आहे, तेव्हा मला फसवता येणार नाही. आईने मोजायचं. तुम्ही तीनलाच पाच म्हणता.

४ तारखेला आम्ही दुपारी नाचणार, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळ. तोवर तुम्ही घरी आलेले असाल. मी फोन करीन. मागे गोंगाट असेल, रागावू नका.

तुमची,
चिऊ

ता.क. बाबा, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत माझी लहान लेझीम असेल. गणपतीत आले की न्यायचीय. तुम्ही चढू नका! कामवाल्या बाईंच्या मुलाला सांगा, आणि स्टूल आईने धरायचं नाही, ते डुगडुगतं.