गच्चीवरच्या कुंड्या आणि आवारातला पालापाचोळा

दि. १४ फेब्रुवारी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती, गृहनिर्माण संस्था

विषय : गच्चीवरील कुंड्या हटवण्याच्या सूचनेचा फेरविचार व्हावा आणि आवारातला पालापाचोळा जाळू नये, याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

महिनाअखेरपर्यंत गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली उतरवाव्यात, अशी सूचना फलकावर लागली आहे. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर छत पाझरते म्हणून समितीला हा निर्णय घ्यावा लागला, हे मला समजते. त्या घरातल्या आजींच्या खोलीतले पोपडे मी स्वतः पाहून आले. गेल्या पावसाळ्यात पावसाच्या पाइपाच्या तोंडावरची जाळी माझ्याच कुंडीतून वाहून आलेल्या मातीने तुंबली होती. तेव्हा पाणी साचले याला मी जबाबदार होते, आणि त्याबद्दल त्या कुटुंबाची मी माफी मागितली आहे.

तरीही कुंड्या राहू द्या, अशी विनंती करते आहे, कारण ती चूक मातीची होती आणि माती आता मी जवळजवळ सोडली आहे. लाल मातीने भरलेली बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर काट्यावर ठेवली, तर २४ किलो भरली. त्याच मापाची, पण निम्म्याहून जास्त पाचोळ्याचे खत, थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड आणि अगदी थोडी माती असलेली कुंडी १३ किलो भरली. स्लॅबवरचे ओझे जवळपास निम्म्यावर आले. शिवाय हे मिश्रण पाणी धरून ठेवते, त्यामुळे गढूळ ओघळ कोब्यावर येत नाही.

हे खत कुठून आले, ते सांगायलाच हवे. गेल्या वर्षी याच दिवसांत गेटाजवळच्या जंगली बदामाची पाने मी दोन पोत्यांत भरली. बदामाचे पान जाड, चामड्यासारखे, म्हणून हाताने फाडून घातले. मध्ये मध्ये शेणाचे पाणी आणि आंबट ताक शिंपडले, महिन्यातून एकदा पोते उलटेपालटे केले. दिवाळीत तोंड सोडले तेव्हा वरची चार बोटे पाने तशीच होती. त्याखाली मात्र काळेभोर, भुसभुशीत खत. हाती घेतले तर पहिल्या पावसाचा वास, आणि पानाची एखादी शीर तेवढी जाळीसारखी शिल्लक. वर्षभर त्या पोत्याशेजारून लोक वाळवण घालायला जात होते, वासाची तक्रार एकदाही आली नाही.

तीच पाने आज आपण जाळतो. पहाटे मागच्या भिंतीशी ढीग पेटतो आणि धूर पहिल्या मजल्यावरच्या लहान मुलांच्या खोल्यांत शिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आहे, साध्या प्रकारालाही ५,००० रुपये दंड आहे. घनकचरा नियमांनुसार बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा असतो. झाडलोट करणाऱ्या मावशींचा यात काडीचाही दोष नाही. पाने कुठे टाकायची हे त्यांना आपणच कधी सांगितले नाही.

घाई करते आहे ती ऋतूमुळे. बदाम लाल होऊन आता रोज पोतेभर पान टाकतो आहे, मागचा पिंपळही लवकरच झडू लागेल. ही पानगळ महिन्या-दीड महिन्यात उरकते, मग वर्षभर वाट पाहा. पेरणीचेही तसेच. मेथी-पालक आटोपले. भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी यांचे बी मार्चच्या मध्याच्या आत रुजले, तर एप्रिलच्या उन्हाआधी मुळे धरतात. कुंड्या आत्ता खाली उतरवल्या तर सबंध उन्हाळा हातचा जाईल.

माझ्याकडून मी असे करीन : कुंड्या कठड्यालगत न ठेवता बीमच्या ओळीवर, लोखंडी स्टँडवर ठेवीन, म्हणजे खालून झाडता येईल आणि ओल दिसेल. जाळी दर रविवारी मी साफ करीन. डासांची तक्रार रास्त होती. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून दोनदा कोरड्या करते, पुढेही करीन. वॉटरप्रूफिंगचे काम निघेल तेव्हा कुंड्या स्वखर्चाने हलवीन. रासायनिक कीटकनाशक मी वापरत नाही. सध्या मिरचीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आहे, त्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि दोन थेंब साबण, तेही ऊन उतरल्यावर.

समितीकडे मागणे एवढेच, की पाने जाळणे आजपासून थांबावे आणि पंपघराशेजारची सावलीतली जागा पाचोळ्यासाठी मिळावी. तार आणि बांबूचा हौद मी आणि ए विंगमधल्या दोघी मिळून उभा करू. पुढे गांडूळखताचा प्रकल्प नीट चालला, तर पुणे महानगरपालिका मिळकतकरात सवलत देते, त्याचाही विचार व्हावा.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता समितीतल्या कोणीतरी गच्चीवर यावे. चौथ्या मजल्यावरच्या काकांनाही बोलावले आहे. खताचे पोते त्यांच्यासमोर उघडीन आणि जाळी कशी काढायची तेही दाखवीन.

आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद